लहान फॅशन स्टुडिओतील काम: हाताने घडवलेल्या प्रयोगशील वस्त्रामागचे तंत्र आणि हिशेब

वस्त्रनिर्मिती म्हटले की अभ्यासक्रमात आपण बहुधा मोठ्या कारखान्याचा विचार करतो. तिरुपूर किंवा लुधियान्यासारख्या केंद्रांत एकाच नमुन्याचे हजारो नग निघतात आणि प्रत्येक माणसाकडे एखादीच शिवण असते. याशिवाय तीन ते सहा माणसांचा लहान स्टुडिओ ही वेगळी कार्यपद्धती आहे. दिल्लीतील शाहपूर जाटसारख्या वस्तीत, अहमदाबादेत, मुंबईत, बेंगळुरूमध्ये असे स्टुडिओ चालतात. तेथे एका नमुन्याचे दहा-बारा नग झाले तरी पुष्कळ. वस्त्रतंत्र, फॅशन किंवा यंत्र अभियांत्रिकी शिकणारे काही विद्यार्थी प्रशिक्षणासाठी अशा ठिकाणी जातात. तेथे नेमके काय करायचे असते, कोणते शास्त्र लागते आणि पैशाचा मेळ कसा बसतो, हे या पाठात पाहू.

उद्दिष्टे: हा पाठ वाचल्यानंतर आपल्याला (१) कापडाच्या दिशेचा वस्त्राच्या पडण्यावर होणारा परिणाम सांगता येईल, (२) आटण्याचे आणि कापणीचे साधे गणित करता येईल, (३) हातकाम कोठे योग्य व कोठे अनावश्यक हे ठरवता येईल, आणि (४) एका नगाची खरी किंमत काढता येईल.

१. स्टुडिओ म्हणजे काय

शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक माप देते आणि ठरलेला कपडा शिवून घेते. कारखान्यात नमुना आधीच पक्का झालेला असतो. स्टुडिओत मात्र नमुना शोधणे हेच मुख्य काम असते. ‘या कापडाला असे दुमडले, असे कापले, असे रंगवले तर काय होईल?’ या प्रश्नापासून सुरुवात होते. म्हणून प्रयोगशाळेचे बरेचसे नियम येथे लागू पडतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, मोजमाप लिहून ठेवावे आणि फसलेला नमुना फेकून न देता त्यावर चिठ्ठी लावून जपावा.

सहसा एक संकल्पक, एक कटिंग मास्टर, एक-दोन मशीनवरचे कारागीर, एक हातकाम करणारी व्यक्ती आणि एखादा शिकाऊ एवढाच संच असतो. कामाच्या सीमा ठरलेल्या नसतात. संकल्पकालाही इस्त्री करावी लागते आणि मास्टरांच्या एका वाक्याने संपूर्ण नमुना बदलतो. कापड हातात धरून ‘हे मुंढ्यात ताणणार’ असे मास्टर सांगतात, तेव्हा त्या वाक्यामागे पुढील भागात येणारे शास्त्रच असते. ते त्यांनी पुस्तकातून नव्हे, हातातून शिकलेले असते.

२. ताणा, बाणा आणि उरेब

विणलेल्या कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. या दोन्ही दिशांना कापड ओढले तर ते फारसे ताणत नाही, कारण ओढ थेट धाग्यावर येते. तेच कापड ४५ अंशांत, म्हणजे उरेब ओढले तर सहज लांबते. येथे धागा ताणलेला नसतो. ताणा आणि बाणा यांच्यातील कोन बदललेला असतो.

उदाहरण घेऊ. १० सेंमी बाजूचा कापडाचा चौरस त्याच्या एका कोपऱ्यावर टांगला. त्याचा प्रत्येक कर्ण १४.१४ सेंमी आहे. वजनामुळे धाग्यांमधील ९० अंशांचा कोन ८० अंश झाला, असे माना. आता उभा कर्ण २ × १० × कोज्या ४० = १५.३२ सेंमी होतो आणि आडवा कर्ण २ × १० × ज्या ४० = १२.८६ सेंमी होतो. म्हणजे धागा जराही न ताणता कापड सुमारे ८ टक्के लांबले आणि ९ टक्के अरुंद झाले. उरेब कापलेला पोशाख अंगाला बेतून बसतो तो यामुळे. शिवून लगेच घेर कापला तर दुसऱ्या दिवशी तो खालीवर झालेला दिसतो, त्याचेही कारण हेच. म्हणून असा पोशाख किमान एक रात्र टांगून ठेवायचा, पडायचे तेवढे पडू द्यायचे, मग जमिनीपासून माप घेऊन घेर सरळ करायचा आणि त्यानंतरच दुमड घालायची.

या गुणधर्माचा सर्वांत पद्धतशीर वापर पॅरिसमधील मादलेन व्हियोने (१८७६–१९७५) यांनी केला. १९१२ मध्ये त्यांनी स्वतःचे कार्यालय सुरू केले आणि १९३९ मध्ये ते बंद केले. त्या कागदावर चित्र काढण्याऐवजी लहान लाकडी बाहुलीवर प्रत्यक्ष कापड लावून रचना करत.

३. लहान प्रतिकृती आणि कापडाचा ताठपणा

पूर्ण आकाराचा प्रत्येक प्रयोग परवडत नाही. म्हणून अर्ध्या आकाराच्या पुतळ्यावर चाचणी घेतात. लांबी निम्मी झाली की क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते. चार मीटरच्या नमुन्याला त्याच पन्ह्याचे एक मीटर कापड पुरते.

पण येथे एक अडचण आहे. नमुना निम्मा झाला तरी कापडाची जाडी आणि ताठपणा निम्मा होत नाही. त्यामुळे तेच कापड लहान पुतळ्यावर फुगलेले आणि ताठ दिसते. यावर उपाय मोजमापाचा आहे. एफ. टी. पीअर्स यांनी १९३० मध्ये कापडाच्या स्पर्शगुणाचे मोजमाप मांडले. त्यातील ‘वाक-लांबी’ ही कल्पना आपण वापरू. २.५ सेंमी रुंदीची कापडाची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर हळूहळू सरकवायची. टेबलाच्या पातळीपासून खाली ४१.५ अंशांत धरलेल्या पुठ्ठ्याला पट्टीचे टोक टेकले की थांबायचे. बाहेर आलेल्या लांबीचा निम्मा भाग म्हणजे वाक-लांबी. ६ सेंमी पट्टी बाहेर आली तर वाक-लांबी ३ सेंमी.

आकार निम्मा केला तर वाक-लांबीही निम्मी असलेले कापड घ्यावे. तरच चुण्या खऱ्या वस्त्रासारख्या पडतात. म्हणजे वरील कापडाच्या चाचणीसाठी १.५ सेंमी वाक-लांबीचे तलम कापड शोधायचे. पूर्ण आकाराच्या चाचणीसाठी बहुतेक ठिकाणी मांजरपाट वापरतात. तो स्वस्त असतो, त्यावर पेन्सिलीने लिहिता येते आणि कापताना हात अडखळत नाही. मात्र मुख्य कापड रेशमी असेल तर मांजरपाटावरचा निष्कर्ष तसाच उचलू नये.

४. आटणे: आधी मोजा, मग कापा

हातमागाचे कोरे सुती कापड धुतल्यावर आटते. किती आटते हे कापडागणिक बदलते, त्यामुळे अंदाज चालत नाही. प्रत्येक नव्या ताग्यातून एक तुकडा घेऊन त्यावर ५० × ५० सेंमीचा चौरस न पुसणाऱ्या खुणेने आखावा. धुऊन, सावलीत वाळवून, हलकी इस्त्री करून पुन्हा मोजावा. समजा तो लांबीत ४७.५ आणि रुंदीत ४८.५ सेंमी भरला. तर ताण्याच्या दिशेने आटणे ५ टक्के आणि बाण्याच्या दिशेने ३ टक्के.

तयार वस्त्राची लांबी १०० सेंमी हवी असेल तर कापायची किती? अनेक जण १०५ असे उत्तर देतात. ते बरोबर नाही. कापलेल्या लांबीचे ९५ टक्के उरणार आहेत, म्हणून १०० ÷ ०.९५ = १०५.३ सेंमी. फरक तीन मिलिमीटरचा वाटतो, पण दोन वेगवेगळ्या दिशांनी कापलेले भाग एकमेकांना जोडायचे असतील तर तो शिवणीत सुरकुती होऊन दिसतो. त्यावर शिवणीची माया वेगळी सोडायची असते.

५. कापणी: चिंधी उरू न देण्याची जुनी विद्या

वक्र आकाराचे भाग आयताकार कापडावर मांडले की मधे रिकाम्या जागा उरतात. ३ मीटर लांब आणि १.१ मीटर पन्ह्याच्या कापडाचे क्षेत्रफळ ३.३ चौरस मीटर. सर्व भागांचे मिळून २.७ चौरस मीटर भरले, तर वापर सुमारे ८२ टक्के आणि उरलेले १८ टक्के चिंध्या. हातमागाच्या महाग कापडात ही चिंधी विणकराचे काही तास असते, हे लक्षात ठेवावे.

चिंधी उरू न देणारी कापणी ही आज नवी चळवळ म्हणून शिकवली जाते, पण ती जुनीच आहे. साडी आणि धोतर यांना कापावेच लागत नाही. जपानी किमोनोचे कापड सुमारे ३६ सेंमी पन्ह्याचे आणि १२ मीटरच्या आसपास लांब असते. ते सरळ रेषांत कापून सगळेच वापरले जाते. आपला कळीदार कुर्ताही याच जातीचा. ३० सेंमी रुंद आणि ७० सेंमी लांब आयत घ्या. वरच्या कडेवर डावीकडून ५ सेंमी आणि खालच्या कडेवर उजवीकडून ५ सेंमी अशा खुणा करून त्या तिरक्या रेषेने जोडा व कापा. वर ५ आणि खाली २५ सेंमी रुंदीची एक कळी मिळते आणि दुसरी तीच, फक्त उलटी. चिंधी शून्य.

या कळीची एक बाजू सरळ धाग्यावर आणि दुसरी तिरकी असते. दोन तिरक्या बाजू एकमेकींना जोडल्या तर शिवण लोंबते. म्हणून तिरकी बाजू शेजारच्या भागाच्या सरळ बाजूला जोडायची. सरळ बाजू तिला धरून ठेवते. जुन्या अंगरख्यात आणि कुर्त्यात ही रचना दिसते ती केवळ सवय म्हणून नव्हे.

प्रयोगशील कापणीचे आधुनिक उदाहरण इस्से मियाके (१९३८–२०२२) यांचे. त्यांनी १९७० मध्ये टोकियोत स्टुडिओ सुरू केला. त्यांच्या चुणीदार कपड्यांत नेहमीचा क्रम उलटा आहे. आधी पोशाख कितीतरी मोठ्या आकाराचा शिवायचा, मग कागदाच्या थरांत घालून उष्णतेने चुण्या पाडायच्या. पॉलिएस्टर उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर नवा आकार धरून ठेवते, म्हणून धुतल्यावरही या चुण्या टिकतात. सुती धाग्यात हा गुण नाही. त्यामुळे सुती कापडावर तीच युक्ती केली तर पहिल्या धुलाईत चुण्या जातात. प्रयोगाची कल्पना उचलण्याआधी तिच्यामागचा तंतू कोणता, हे पाहावे लागते ते असे.

६. रंग: भांड्यातले रसायन

लहान स्टुडिओत नैसर्गिक रंगांचे काम पुष्कळदा होते. निळीचा निळा रंग पाण्यात विरघळत नाही. अल्कधर्मी द्रावणात त्याचे क्षपण केले की तो पिवळसर हिरव्या, विरघळणाऱ्या रूपात जातो आणि धाग्यात शिरतो. कापड बाहेर काढले की हवेतील ऑक्सिजनमुळे तो पुन्हा निळा आणि अविद्राव्य होतो. गडद रंगासाठी कापड फार वेळ बुडवून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ बुडवणे, हवेत धरणे, पुन्हा बुडवणे अशी आवर्तने करावीत.

मंजिष्ठेसारख्या रंगाला सुती कापडावर पकड हवी असते. त्यासाठी आधी हिरड्याचे टॅनिन आणि नंतर तुरटी देतात. प्रमाण नेहमी कोरड्या कापडाच्या वजनावर काढावे. ४०० ग्रॅमच्या पोशाखाला १५ टक्के तुरटी म्हणजे ६० ग्रॅम, आणि १:३० प्रमाणाने पाणी १२ लिटर. ‘मूठभर’ हे माप चालत नाही, कारण दुसरा नग तसाच रंगवायचा असतो.

पाण्याचाही विचार करावा. लोहामुळे टॅनिनयुक्त कापड काळपट पडते. कच्छमधील धमडका येथील अजरख कारागिरांना २००१ च्या भूकंपानंतर पाण्यातील लोहाची अडचण जाणवू लागली आणि त्यांतील अनेकांनी अजरखपूर हे नवे गाव वसवले. एका कलेला पाण्यामुळे गाव बदलावे लागले!

आणखी एक सूचना. पोशाख शिवून मग रंगवायचा असेल तर शिवणीचा धागा सुतीच घ्यावा. पॉलिएस्टर धागा निळीत रंगत नाही, आणि गडद निळ्या पोशाखावर प्रत्येक टीप पांढरी उठून दिसते. तो परिणाम मुद्दाम हवा असेल तर ठीक.

७. हात कोठे, मशीन कोठे

‘हाताने केलेले ते चांगले’ हे विधान तंत्राच्या दृष्टीने अपुरे आहे. लांब, सरळ आणि ओढ सहन करणारी शिवण मशीनवर अधिक एकसारखी आणि मजबूत होते. मशीनच्या साध्या टिपेला एक मीटर शिवणीमागे अडीच ते तीन मीटर धागा लागतो, हेही हिशेबात धरावे. उरेब घेराची दुमड, तीन-चार थर एकत्र येतात तो कोपरा, आतून लावलेले अस्तर, बाहेरून न दिसणारी तुरपाई, या ठिकाणी हात सरस ठरतो. टाक्याचा ताण प्रत्येक वेळी बोटांनी कमीजास्त करता येतो आणि कापडाला थोडी हालचाल मिळते. धावदोऱ्याची नक्षी कापडाला वजन आणि ताठपणा देते. गोधडीत जुन्या कापडाचे थर धावदोऱ्यानेच एकजीव होतात.

म्हणून प्रत्येक हातटाक्याला प्रश्न विचारावा: हा टाका येथे काय काम करतो? उत्तर नसेल तर तो मशीनवर द्यावा. कारागिराच्या डोळ्यांचे आणि बोटांचे तास मोजके आहेत.

८. हिशेब: किंमत कोण देते

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पुढील आकडे केवळ गणितासाठी मानलेले आहेत.

कापड ३ मीटर, दर ४०० रुपये: १,२०० रुपये. धागा, बटणे, रंग: २५० रुपये.

वेळ: कापणी १.५ तास, मशीन ४ तास, हातशिलाई ९ तास, रंग व धुलाई २.५ तास, इस्त्री व शेवटची तपासणी १ तास. एकूण १८ तास. तासाला १५० रुपये धरल्यास २,७०० रुपये.

जागा, वीज, दुरुस्ती यांचा महिन्याचा खर्च ३६,००० रुपये. तीन माणसांचे मिळून महिन्याला ४८० कामाचे तास. म्हणजे तासाला ७५ रुपये. १८ तासांचे १,३५० रुपये.

नमुना शोधण्याचा खर्च: ६० तास × (१५० + ७५) = १३,५०० रुपये, अधिक चाचण्यांचे साहित्य ४,५०० रुपये. एकूण १८,०००. बारा नग विकले जातील असे धरल्यास नगामागे १,५०० रुपये.

बेरीज: १,४५० + २,७०० + १,३५० + १,५०० = ७,००० रुपये. यात नफा नाही आणि करही नाही. दुकानाने विक्रीच्या ४० टक्के ठेवून घेतले तर केवळ खर्च भरून निघण्यासाठी ७,००० ÷ ०.६, म्हणजे सुमारे ११,६७० रुपये किंमत ठेवावी लागते. बाराऐवजी चारच नग विकले गेले तर नगामागे नमुन्याचा वाटा ४,५०० होतो आणि खर्च १०,००० वर जातो.

आता ‘कापडाच्या चौपट किंमत लावा’ असा ठोकताळा वापरून पाहू. किंमत येते ४,८०० रुपये. त्यातून साहित्य १,४५०, जागेचा खर्च १,३५० आणि नमुन्याचा वाटा १,५०० वजा केला की १८ तासांच्या श्रमासाठी ५०० रुपये उरतात. तासाला २८ रुपयेही नाहीत. कापडवाला आपले पैसे घेतो, घरमालक भाडे घेतो. हिशेबातली तूट शेवटी ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याच्यावर येते. तो हातशिलाई करणारा कारागीर असतो, विनावेतन राबणारा शिकाऊ असतो, किंवा स्वतःचे तास कधीच न मोजणारा संकल्पक असतो. स्वस्त हस्तकला बहुधा कोणाच्या तरी न मोजलेल्या तासांवर उभी असते.

कायद्याचीही बाजू आहे. नगावर मोबदला ठरला तरी किमान वेतनाचे तत्त्व सुटत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही नगावर काम करणाऱ्यांसाठी तरतूद आहे. म्हणून नगाचा दर ठरवण्याआधी त्याला लागणारे तास घड्याळ लावून मोजावेत. मोजताना सर्वांत वेगवान कारागिराचा नव्हे, सर्वसाधारण वेग धरावा. खर्च जास्त आला तर पहिली कात्री मजुरीला लावू नये. रचना तपासावी. नऊ तासांच्या हातशिलाईतील चार तासांची शिवण मशीनवर जाऊ शकते का? एका नमुन्याची कापणी दुसऱ्या पोशाखात वापरता येईल का? नमुना अधिक नगांत वाटता येईल का?

९. नोंदवही

स्टुडिओची खरी संपत्ती नोंदवही असते. प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्यावा आणि पुढील गोष्टी लिहाव्यात: कापड कोठून आणले, पन्हा, दर चौरस मीटर वजन, आटणे, धागा, टाक्याचा प्रकार, रंगाची कृती, पाण्याचा पीएच, प्रत्येक टप्प्याचे तास आणि ते काम करणाऱ्याचे नाव. नाव लिहिल्याने श्रेय कोणाचे हे नंतर विसरले जात नाही, आणि शंका आली तर कोणाला विचारायचे तेही कळते.

प्रशिक्षणाला जाणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी नम्रपणे विचारावे: विद्यावेतन किती, कामाचे तास किती, मी केलेला नमुना माझ्या कामांच्या संग्रहात दाखवता येईल का? आणि पहिले दोन आठवडे मास्टरांच्या शेजारी उभे राहून कापड हाताळायला शिकावे. वाक-लांबीचे सूत्र आपल्याला ठाऊक असते, त्यांना बोटांनी कळते. दोन्ही जाणणारा माणूस स्टुडिओला हवा असतो.

सारांश

उरेब कापडाची लवचीकता धाग्यांच्या कोनातून येते. लहान प्रतिकृतीसाठी वाक-लांबीही लहान हवी. आटण्याचे गणित भागाकाराने करावे. रंगाचे प्रमाण कापडाच्या वजनावर ठरते. हातकाम जेथे काम करते तेथेच ठेवावे. आणि प्रत्येक तास किमतीत दिसला पाहिजे.

स्वाध्याय

१. एक कापड ताण्याच्या दिशेने ८ टक्के आटते. तयार लांबी ११५ सेंमी हवी असल्यास माया वगळून किती लांबी कापाल?
२. २० सेंमी बाजूच्या चौरसातील धाग्यांचा कोन ९० वरून ७५ अंश झाला. दोन्ही कर्णांची नवी लांबी काढा.
३. घरातील तीन कापडांची वाक-लांबी मोजा आणि त्यांच्या पडण्यातील फरकाचे वर्णन करा.
४. भाग ८ मधील उदाहरणात हातशिलाई ९ ऐवजी ५ तास आणि मशीनकाम ४ ऐवजी ४.५ तास झाले. बाकी आकडे तेच ठेवून नगाचा खर्च काढा.
५. आपल्या गावातील शिंप्याला किंवा भरतकाम करणाऱ्या व्यक्तीला भेटून एका नगाला लागणारे तास आणि मिळणारा मोबदला विचारा. तासाचा दर काढा आणि त्यावर वर्गात चर्चा करा.